आजचं चिंतन : गीता १७.२० – वर्गणी, बोकड आणि वजनकाटा



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

रोज आपण एकच श्लोक घेतो. आज तीन घेतोय, कारण हे तिघं सख्खे भाऊ आहेत. एकाला ओळखायचं तर बाकीच्या दोघांना शेजारी उभं करावं लागतं. विषय आहे दान. माझ्या शब्दांत सांगतो. द्यायलाच हवं या भावनेनं, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक दान. बदल्यात काहीतरी मिळावं म्हणून किंवा मनातल्या मनात कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि नको त्या जागी, नको त्या वेळी, घेणाऱ्याचा मान न ठेवता, तुच्छतेनं दिलेलं ते तामस.

वाचताना सोपं वाटतं, नाही? मलाही वाटायचं. पाठही आहेत तिन्ही. पण गेल्या महिन्यात अकरा हजार रुपयांच्या एका वर्गणीनं मला या तिन्ही श्लोकांमधून फिरवून आणलं. आज तेच लिहितोय.

फोन

माझं गाव टेंभुर्णी. गूगलवर शोधलं तर आधी सोलापूर जिल्ह्यातली येते, हायवेवरची. आमची जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. जालन्याहून निघायचं, राजूरच्या गणपतीला हात जोडायचे आणि पुढं जायचं. मी पुण्यात असतो, हिंजवडीत नोकरी. गावाशी संबंध म्हणजे दिवाळी, लग्नं आणि व्हॉट्सॲप ग्रुप.

डिसेंबरमध्ये सकाळच्या स्टँडअपच्या वेळीच चुलतभावाचा फोन आला. "भाऊ, गावातली पोरं जनावरांचं प्रदर्शन भरवू राहिली. अठरा वर्षांच्या आतल्या पोरापोरींनी स्वतः सांभाळलेली जनावरं. शेळ्या, कालवडी, गोऱ्हे, सगळं. डॉक्टर येऊन नंबर काढणार. अन् शेवटी ज्याला विकायचं त्याच्या जनावराचा खुला लिलाव. तुझे अकरा हजार धरले बरं का. बॅनरवर फोटो टाकतो तुझा."

मी "हो हो, टाक" म्हणालो, फोन ठेवला आणि मीटिंगमध्ये परत आलो.

रात्री माळेवर जप करायला बसलो आणि तिथं अडकलो. लिलाव. कालवड विकली जाईल ती दुसऱ्या गोठ्यात जाईल. गोऱ्हा औताला जाईल. पण बोकड? बोकड कोण घेतो आणि कशाला घेतो, हे गावात वाढलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नाही. माझ्या गळ्यात आठ वर्षांपासून तुळशीची माळ आहे. मांसाहार सोडलाय, अंडंसुद्धा चालत नाही म्हणून ऑफिसच्या वाढदिवसाला केक विचारून खातो. आणि माझ्याच पैशानं भरलेल्या मांडवात पोरांनी हातानं वाढवलेली बोकडं बोली लावून विकली जाणार?

आधी प्रदर्शनाबद्दल थोडं

शहरात वाढलेल्या मित्रांना हा प्रकार नवा वाटेल, म्हणून सांगतो. मराठवाड्याला जनावरांची प्रदर्शनं नवी नाहीत. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार तर भरतोच, शिवाय पशुप्रदर्शनही असतं. लाल कंधारी आणि देवणी या आपल्या मराठवाड्याच्या गाई-बैलांच्या जाती तिथं नटूनथटून येतात. शेळीत आपल्याकडची नावाजलेली जात उस्मानाबादी. बहुतेक काळीभोर, कोरड्या मुलखात तग धरणारी, आणि जुळी करडं देण्यासाठी प्रसिद्ध. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा एकच एकर आहे, त्याच्यासाठी ही शेळी म्हणजे दारात बांधलेली बँक.

आता जनावर विकणं म्हणजे नुसतं बाजारात नेऊन उभं करणं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद करावे लागले होते, आठवत असेल. आता जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला लागतो आणि त्याची नोंद ऑनलाइन असते. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करायची नाही, असा राज्याचा नियम २०२४ च्या जूनपासून आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक शेळीला स्वतःची प्रायमरी की मिळाली. नववी-दहावीतली पोरं या सगळ्याची वही ठेवतात, लसीच्या तारखा पाठ सांगतात, ही चांगलीच गोष्ट आहे. यात मला शंका नव्हती.

आणि लिलावाचं म्हणाल, तर तोही चांगल्या हेतूनं होऊ शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. २०१९ मध्ये कामासाठी काही महिने अमेरिकेत आयोवा राज्यात होतो. तिथं 'फोर-एच' नावाची मुलांची जुनी चळवळ आहे. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य यांच्या इंग्रजी नावांतले चार 'एच'. मुलं वर्षभर वासरू, मेंढी, डुक्कर सांभाळतात आणि उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत दाखवायला आणतात. शेवटी लिलाव. एक सहकारी मला त्याच्या मुलीची मेंढी पाहायला घेऊन गेला होता. गंमत अशी की तिथं गावातला दाताचा डॉक्टर, ट्रॅक्टरचं दुकानवाला हे बाजारभावापेक्षा मुद्दाम जास्त बोली लावतात. ती एक प्रकारची देणगीच, पोरांच्या कॉलेजसाठी. सगळे टाळ्या वाजवत होते. आणि टाळ्यांच्या मागे, गोठ्याच्या कोपऱ्यात, ती मुलगी मेंढीच्या मानेत तोंड खुपसून रडत होती. मेंढी कुठं जाणार ते तिला माहीत होतं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, "आपल्याकडे असं नाही बाबा." किती पटकन आपण असं म्हणून मोकळे होतो!

तामस : माझा पहिला मेसेज

त्या रात्री मी चुलतभावाला मेसेज टाइप केला : "लिलाव रद्द करा, तरच पैसे देतो. देवाधर्माच्या माणसाला यात ओढू नका." पाठवायच्या आधी सवयीप्रमाणे दिवसाचं वाचन उघडलं. तेव्हा माझं सतरावा अध्याय चालू होता. बाविसावा श्लोक समोर. मान न ठेवता, तुच्छतेनं दिलेलं.

मी स्वतःचाच मेसेज परत वाचला. त्यात बोकडाबद्दल दया किती होती आणि गावाबद्दल तुच्छता किती होती? प्रामाणिकपणे सांगतो, तुच्छता जास्त होती. पुण्यात बसून अकरा हजारांच्या जोरावर मी गावाला धर्म शिकवायला निघालो होतो. मेसेज डिलीट केला आणि आईला फोन लावला.

आई म्हणाली, "द्यायचे नसतील तर नको देऊ. पण पोरांना पाप-बिप म्हणू नको. तुझी कॉलेजची फी कशातून गेली, आठवतं ना?"

आठवत होतं. विसरलो कधीच नव्हतो, फक्त हिशोबात धरलं नव्हतं. २००८ मध्ये इंजिनिअरिंगला नंबर लागला, तेव्हाच्या औरंगाबादला. पहिल्या हप्त्यासाठी आईनं दोन बोकड आणि तीन शेळ्या विकल्या. मी तिच्यासोबत बाजारात गेलो होतो. व्यापाऱ्यानं बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, मागून उचलून वजनाचा अंदाज घेतला. मग त्यानं आणि दलालानं रुमालाखाली हात घातले आणि बोटं दाबून भाव ठरवला. ज्यांनी जनावरांच्या बाजारात हे पाहिलंय त्यांना माहीत आहे. रुमालाखाली काय ठरलं ते त्या दोघांनाच कळतं. दलालानं आईला एक आकडा सांगितला, आईनं मान हलवली, पैसे पदरात बांधले. खरा आकडा किती होता, आम्हाला आजही माहीत नाही. परत येताना ती एवढंच म्हणाली, "फसवलं असेल बघ. पण करायचं काय?"

म्हणजे माझी डिग्री, माझी नोकरी, ज्या फ्लॅटच्या देवघरात बसून मी अहिंसेवर ब्लॉग लिहितो तो फ्लॅट, या सगळ्याच्या मुळाशी दोन बोकड आहेत. माळ मी नंतर घातली. माळ घातली म्हणून ते बोकड हिशोबातून गेले नाहीत.

महाभारतातले दोन दुकानदार

या प्रश्नावर महाभारतात दोन माणसं बोललीयत, आणि दोघंही दुकानदार आहेत.

पहिला वनपर्वातला धर्मव्याध. मिथिलेत मांस विकणारा. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण, ज्याच्या नुसत्या रागीट नजरेनं बगळी मरून पडली होती, तो धर्म शिकायला याच्या दुकानात येतो. व्याध त्याला सांगतो, मी स्वतः मारत नाही, खात नाही. हा वाडवडिलांपासून आलेला धंदा आहे, तो मी खोटेपणा न करता करतो आणि म्हाताऱ्या आईबापांची सेवा करतो. आणि पुढे तो असं काही म्हणतो की शाकाहारी माणसानं एकदा तरी थांबून ऐकावं : नांगर चालला की जमिनीतले किती जीव मरतात, ते पाहा. पूर्ण अहिंसक असा इथं कुणी नाही. जो जपून वागतो, त्याच्या हातून ती कमी होते, इतकंच.

दुसरा शांतिपर्वातला तुळाधार. काशीतला वाणी. त्याच्याकडे जाजली नावाचा तपस्वी येतो. हा इतका स्थिर उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटेत घरटं केलं, आणि त्याचाच त्याला गर्व झाला. तुळाधार त्याला म्हणतो, माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे. हाच त्याचा धर्म. व्याधासारखंच तोही नांगराखाली मरणाऱ्या जीवांची आठवण करून देतो.

इथवर दोघांचं जमतं. पण खरं सांगायचं तर पुढे तुळाधार माझ्या सोयीचा राहत नाही. बैलाचं नाक टोचणारे, त्याला खच्ची करणारे, त्याच्यावर ओझी लादणारे, या सगळ्यांवर तो कडाडून बोलतो. शेळी, मेंढी, घोडा, गाय यांना देवतास्वरूप मानून सांगतो की यांना विकणाऱ्याचं भलं होत नाही. म्हणजे तुळाधार आमच्या लिलावाच्या मांडवात पाऊलही टाकणार नाही. आणि धर्मव्याध तिथंच बसून असेल, शांतपणे.

एकाच ग्रंथात दोघं. एक म्हणतो बाजूला हो. एक म्हणतो आत राहा, पण खरा राहा. मी बरेच दिवस दोघांपैकी कोण बरोबर ते ठरवत बसलो. मग लक्षात आलं की दोघांकडे येणारा माणूस एकच आहे. कौशिक काय, जाजली काय, दोघंही स्वतःच्या शुद्धतेवर खूश असलेले तपस्वी. दोघांनाही बाजारात पाठवलं गेलं. गोष्ट मुळात त्यांच्यासाठी आहे. म्हणजे माझ्यासाठी.

"नाहीतरी होणारच आहे"

एक युक्तिवाद मात्र तपासून घेऊ, कारण तो फार घसरडा आहे. "मी पैसे नाही दिले तरी बोकड विकला जाणारच. मग दिले तर काय बिघडलं?" मंडळी, हे वाक्य जगातला प्रत्येक गैरव्यवहार करणारा वापरतो. कुणीतरी लाच घेणारच, मग मी का नको? म्हणून हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

त्याऐवजी मी दुसरा प्रश्न विचारला. माझ्या पैशानं तिथलं नेमकं काय वाढेल आणि काय कमी होईल? सर्वांत वजनदार बोकडाला बक्षीस दिलं, तर पोरं पुढच्या वर्षी वजनासाठीच बोकड फुगवतील. अमेरिकेतल्यासारखी चढी बोली लावली, तर टाळ्या मिळतील, पण पोरांना खोटा भाव कळेल. आणि काहीच न देता हात झटकले, तर लिलावाऐवजी तोच बोकड रुमालाखाली विकला जाईल. माझे हात स्वच्छ राहतील, आणि कुणाची तरी आई परत एकदा "फसवलं असेल बघ" म्हणत घरी येईल.

आणखी एक गोष्ट मला टोचली. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यानं गाईच्या कत्तलीला बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. बैल डोळ्यांसमोर आला की माझं मन लगेच हळवं होतं, पोळा आठवतो. बोकडासाठी ते इतकी वर्षं का झालं नव्हतं? पाचव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात भगवंत समदृष्टीबद्दल बोलताना गाय, हत्ती आणि कुत्रा एका रांगेत उभे करतात. माझी दया मात्र सणवार पाहून निघत होती.

म्हणून शेवटी चुलतभावाला फोन केला आणि यावेळी अट न घालता विचारलं, "प्रदर्शनात वजनकाटा आहे का?" म्हणाला, "काटा कुठला? अंदाजानं चालतं सगळं." मी म्हटलं, "मग माझे पैसे काट्याला लावू का? तो प्रदर्शनानंतर गावातच राहू दे. ज्याला बाजारात जायचंय त्यानं आधी वजन करून जावं." अकरा हजारांत भागलं नाही, थोडे वर घातले. इलेक्ट्रॉनिक काटा जालन्यातून आला, त्यावरचा लोखंडी पिंजरा गावातल्याच वेल्डरनं केला. आणि जनावराच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं पोरांनीच ठरवलं की पहिला नंबर वजनाला नाही. खुरं, कातडी, लसीची नोंद, पोरानं ठेवलेली वही आणि जनावर त्याच्या हाताला किती शांत राहतं, यावर नंबर. हे मला सुचलं नव्हतं.

राजस : बॅनर

संक्रांतीनंतरच्या रविवारी गावी गेलो. चुलतभावाला बजावून सांगितलं होतं, बॅनरवर माझं नाव नको. पठ्ठ्यानं शब्द पाळला. नाव टाकलंच नाही. "काट्याचे सौजन्य : एक गावकरी" असं लिहून वर माझा पासपोर्ट साईज फोटो टाकला!

सगळे हसले, मीही हसलो. पण दिवसभरात मी त्या बॅनरसमोरून किती वेळा गेलो असेन? पाचव्यांदा जाताना स्वतःला पकडलं. पाण्याचा जार तिकडे नव्हता, माझं काही काम तिकडे नव्हतं. एकविसावा श्लोक. फळावर डोळा. बाहेर "नाव नको" म्हणणारा माणूस आतून फोटो बघायला जातो, ही माझी साधना. लपवण्यात अर्थ नाही.

सात्त्विक? : लिलाव

माझा पुतण्या नववीत आहे. त्याचा बोकड 'ठिपक्या', काळा, कानावर पांढरे ठिपके. काट्यावर ३१ किलो भरला. आदल्या आठवड्यात घरी आलेल्या व्यापाऱ्यानं नुसतं बघून अकरा हजार सांगितले होते.

लिलावाआधी मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "मीच घेऊ का रे याला?" मनात चित्र तयार होतं. ठिपक्या वाचला, काकानं वाचवला, ब्लॉगची एक सुंदर पोस्ट.

तो म्हणाला, "काका, तुम्ही बोलीत उतरले तर व्यापारी बोलायचेच नाहीत. घरचा माणूस आहे म्हणतील. माझाही भाव पडेल अन् बाकीच्यांचाही." मग जरा थांबून, "अन् ठेवणार कुठं? बाल्कनीत?"

मी गप्प बसलो. वजन सगळ्यांसमोर लिहिलेलं, बोली सगळ्यांना ऐकू येणारी, रुमाल कुठंच नाही. ठिपक्या चौदा हजार दोनशेला गेला. पुतण्या त्यातून दोन पाटी घेणार आहे, उरलेले शाळेला. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी दहावीत आहे. तिनं तिची शेळी लिलावात आणलीच नाही. "मला दाखवायची होती, विकायची नाही," म्हणाली, आणि पहिला नंबर तिलाच मिळाला. ते ऐकून मला फार बरं वाटलं. पण तिच्याकडे शेळी न विकता राहण्याइतकी सोय होती, पुतण्याकडे नव्हती, हेही खरं.

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. पुतण्यानं ठिपक्याच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं, घरी आणून खुंटीला लावलं. रात्री जेवला नाही. वहिनी आग्रह करायला उठल्या, तर माझी आई म्हणाली, "राहू द्या. एक दिवस नाही जेवला तर काही होत नाही. उद्या कळालं नाही, तर मात्र काळजी करा."

मी त्या पोराच्या शेजारी बसून हरिपाठ म्हटला. त्याला म्हण म्हटलं नाही. अर्ध्यातून तोही म्हणायला लागला.

मग बरोबर केलं का?

मंडळी, मला पुरतं समाधान नाही, आणि असू नये असंच वाटतं. पोरांना पाठिंबा दिला हे योग्यच झालं, यावर मी ठाम आहे. फसवणूक कमी झाली, जनावरांची निगा वाढली, पोरांच्या कष्टाला उघड्यावर भाव मिळाला. पण ठिपक्या गेला. तो गेला त्यात माझाही एक हिस्सा आहे, जसा २००८ मध्ये होता. तुळाधार समोर असता तर त्यानं मला सोडलं नसतं, आणि त्याचं म्हणणं मी खोडून काढू शकलो नसतो. फक्त एवढं म्हणालो असतो की महाराज, तुमचा सारखा तराजू तरी गावात आणलाय. उरलेलं शिकतोय.

सात्त्विक दान म्हणजे ज्यानं माझी पाटी कोरी होईल असं दान, असा माझा समज होता. आता वाटतं, विसाव्या श्लोकात देणाऱ्याच्या पाटीबद्दल काही नाहीच. जागा आहे, वेळ आहे, घेणारा आहे, आणि 'द्यायला हवं' ही भावना आहे. सगळं लक्ष समोर आहे. मी शुद्ध राहीन का, हा प्रश्न मनात आला की लक्ष परत माझ्याकडे वळतं, आणि तिथूनच एकविसावा आणि बाविसावा श्लोक सुरू होतात.

तुमच्यापैकी बरेच जण शहरात आहात, बोकडाचा प्रश्न कदाचित कधी येणार नाही. पण वर्गणी येईल. मंडळाची, ऑफिसच्या सीएसआरची, नातेवाइकांची. पैसे पाठवायच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा :

१. यातून माझं काय वाढणार आहे : नाव, फोटो, की "मी किती चांगला" हे समाधान?

२. घेणाऱ्याला मी माणूस म्हणून मान देतोय, की पैशाच्या आडून शिकवणी घेतोय?

३. माझ्या पैशानं तिथलं खोटेपण आणि क्रौर्य वाढेल की कमी होईल? माहीत नसेल, तर एक फोन करून विचारलं का?

आजचा संकल्प : माझं शिक्षण, माझं घर, माझं आजचं जेवण ज्यांच्यावर उभं आहे, त्यांतली एक व्यक्ती किंवा एक जीव आज आठवायचा. नाव माहीत नसेल तरी चालेल. जपाची एक माळ त्याच्यासाठी.

माझी आजची माळ ठिपक्याची.

उद्या अध्याय १७, श्लोक २३.

राम कृष्ण हरी.